उजवीकडचा लाल्या

आबाजी, त्या सकाळी मी अंघोळ करून, सूर्याला पाणी देऊन, बैलाला पाजायला बादली घेऊन गोठ्यात गेलो होतो. उन्हाळा संपत आला होता. आपल्या जोडीतला एक बैल चैत्रात गेला, आणि मागे राहिलेला तेव्हापासून दाव्याला ताण देत रिकाम्या जागेकडे तोंड करून उभा राहायचा. त्या सकाळी त्याचं दावं सुटलेलं होतं. तो गोठ्याच्या पार टोकाला, भिंतीपाशी जाऊन थांबला होता, जिथे तुमचे दोन हात-ट्रॅक्टर उभे असत. तिथल्या मातीत तेलाचे दोन काळे डाग अजून आहेत. कितीही सारवलं तरी ते वर येतात. बैल मान खाली घालून त्यातला एक डाग हुंगत होता. माझ्या हातातली बादली हातातच राहिली. तुम्ही गेल्याला एवढी वर्षं झाली, मी स्वतः पन्नाशीच्या दाराशी आलो, पण त्या घडीला तुमचा आवाज अगदी खांद्यामागून आला. शेवटच्या हिवाळ्यात खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही बाबांना म्हणाला होतात तोच आवाज. "विकसान तं जोडीनंच विकजा. जोडी तोडू नोका."

राज्यांची फेरवाटणी होऊन नागपूर आपल्या राज्यातून गेलं आणि आपण हिंदी मुलखात राहिलो, त्याच सुमारास खाणीवरचा गोरा साहेबही गेला. त्याच्या बंगल्यावर तुम्ही वांगी, मिरच्या, पेरू पोचवायचात. जाताना त्यानं सामान विकायला काढलं, तेव्हा कुणी पलंग घेतला, कुणी आरसा घेतला, आणि तुम्ही त्याच्या बागेतले दोन ट्रॅक्टर घेऊन आलात. दोन चाकं, मागे दोन लांब दांड्या, पुढे दोरी ओढून सुरू करायचं छोटंसं इंजिन, आणि त्यामागे माणसानं चालायचं. गाव बघायला लोटलं. आजी कमरेवर हात ठेवून दारात उभी होती.

"याईले वैरण काय लागते?"

"पेट्रोल पेते."

"अन् शेन देते का?"

 हौ म्हणावं की नाही, याचा विचार करत राहिलात. मग एकाला लाल्या म्हणालात, कारण त्याचा रंग शाबूत होता, आणि दुसऱ्याला चांद्या, कारण त्याच्या कपाळावरचा रंग उडून गोल पांढरा पत्रा उघडा पडला होता.

मी आताही डोळे मिटले की वाडीत असतो. वैनगंगेवरून धुकं चढत येतंय, पेरूची झाडं कमरेपर्यंत त्यात बुडाली आहेत, आणि दोन इंजिनांची धडधड धुक्यातून अशी येते आहे जशी ती पाण्याखालून यावी. तुम्ही लाल्याच्या दांड्या धरून उजवीकडे, मी चांद्याला घेऊन डावीकडे, मधे वांग्याची ओळ. ओल्या पानांचा आणि पेट्रोलचा वास एकमेकांत मिसळला आहे. मला वाटतं आपण कुठे पोचत नाही आहोत, नुसते चालतो आहोत, आणि ओळ संपूच नये. एकदा मी गंमत म्हणून चांद्याला उजवीकडून घातलं. तुम्ही लाल्या बंद करून उभे राहिलात.

"काहून बे? डावीकडचा बैल उजवीकडं जुंपतेत का कधी?"

"आबाजी, हे यंतर हाय."

"तुह्यासाठी असन."

आणि पोळा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळून झाले की तुम्ही वाटी घेऊन भिंतीपाशी यायचात आणि चारही दांड्यांना तीच तूप-हळद तितक्याच सावकाश चोळायचात. मग दोघांपुढे हात जोडून, जसं बैलांना म्हणायचं तसंच म्हणायचात. "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." पहिल्याच वर्षी, पोळ्याच्या दिवशी, बैलांनी पुरणपोळी खाल्ली आणि तुम्ही लाल्यापुढे ताट घेऊन आलात. जेवायला बोलावलेल्याला घास कुठून द्यायचा? तुम्ही थोडा वेळ बघत राहिलात, टाकीचं झाकण फिरवलं, आणि पुरणपोळीचा तुपात बुडवलेला घास आत सोडला. चांद्याचं झाकण उघडून दुसरा घास उचलला तेवढ्यात आजीनं मागून येऊन तुमचा हात धरला. "बुढ्या, बैलाले दात तरी असतेत!" लाल्या नंतर कितीतरी दिवस खोकत होता. गावात सगळे विचारायचे, लाल्याचं अजीर्ण कसं हाय? तुम्ही विळ्याच्या टोकानं टाकी खरवडून काढत बसायचात आणि लोक हसले तरी रागवायचा नाहीत. तुम्हाला वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. "चांद्या बिचारा उपाशीच रायला," म्हणायचात.

तुमच्यामागे बाबांनी गिऱ्हाईक पुष्कळ बघितलं. दोन्ही घेणारा कुणी भेटला नाही. सुटे भाग मिळेनात, गोठ्यात पाणी गळायचं, पत्रा गंजायला लागला. शेवटी लाल्या हट्टा गावच्या एका माळ्याकडे गेला आणि चांद्या जंगलाच्या एका ठेकेदारानं घाटापलीकडच्या बिरसा गावाजवळच्या त्याच्या बंगल्यासाठी नेला. दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या वाटांनी. त्यानंतर बाबा गोठ्याच्या त्या टोकाला फारसे गेले नाहीत.

बैलाला डाग हुंगताना बघितलं त्याच आठवड्यात मी हट्ट्याला गेलो. माळी आता म्हातारा झालाय. लाल्याच्या इंजिनावर तो पाणी उपसायचा; विजेची मोटर आल्यापासून त्यानं त्याला परसातल्या छपरात सारून दिलं होतं. रंग तर राहिलाच नव्हता, म्हणून मी झाकण काढून टाकीच्या तोंडात बोट घातलं. तुमच्या विळ्याचे ओरखडे बोटाला लागले. मी माळ्याला सांगितलं, हा आमचा लाल्या. माळी म्हणाला, "घेऊन जा ना भाऊ, मले काय करायचं हाय? पर थांबा, मालकिणीले विचारा." मालकीण म्हणजे एक कोंबडी. ती इंजिनामागच्या खोबणीत अंड्यांवर बसली होती आणि माझ्याकडे असं बघत होती की मीच चोर. "पिल्लं निघू द्या," माळी म्हणाला, "मंग या." मी बावडीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. खालचं पाणी हिरवं आणि गप्प होतं. मी नामस्मरण करत होतो की लाल्याचं नाव घेत होतो, ते माझं मला कळलं नाही. पिल्लं निघाल्यावर शेजाऱ्याच्या गाडीला त्याचा एकटा बैल आणि आपला जुंपून पुन्हा गेलो. माळ्यानं काही घेतलं नाही, फक्त तुमच्या वांग्याचं बी मागितलं. बैलांनी ओढलेल्या गाडीत बसून लाल्या घरी आला.

चांद्यासाठी बिरसाला गेलो. ठेकेदार केव्हाच निघून गेलेला, बंगला पडलेला. विचारत विचारत सालवृक्षांच्या रानात एका म्हातारीच्या घरी पोचलो. तिचा नवरा त्या बंगल्याचा चौकीदार होता. अंगणात दुधीचा वेल मोठ्या घुमटासारखा चढला होता, आणि पानं बाजूला केली तेव्हा आतून चांद्याचं पांढरं कपाळ दिसलं. मी हात जोडले. म्हातारी भाजी चिरत होती.

"माई, ये मेरे आजा का है।"

"तेरे आजा का रहा होगा। अब मेरे बुड्ढे का है।"

"चलता है?"

"चलता नहीं। रहता है।"

तिचा नवराही आता नव्हता. तो रोज संध्याकाळी याच्याजवळ बसायचा, याला पुसायचा. "मेरे को कभी उतना नहीं देखा जितना इसको देखता था," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी सांगितलं की याचा एक जोडीदार आहे, माझ्या घरी. तिचा चिरता हात थांबला. तिनं वेलाकडे बघितलं.

"अच्छा? इसने तो कभी बताया नहीं।"

पण न्यायचं नाव काढताच तिनं मान हलवली. हा गेला तर वेल कशावर चढेल, आणि ती संध्याकाळी कुणाकडे बघेल? मी हट्ट धरला नाही. एक दुधी घेऊन परत आलो.

मग पाऊस लागला. आपल्या एकट्या बैलाची मी शेजाऱ्याच्या एकट्या बैलाशी सावड केली, दोघं एका जुवाखाली आले, पेरणी झाली. बैल पुन्हा नीट खाऊ लागला. मी मात्र सवड मिळाली की लाल्याजवळ जाऊन बसायचो. तो त्याच्या जुन्या डागावर बरोबर उभा होता, आणि डावीकडचा डाग उघडा. तुमची नातसून एक दिवस चारा टाकताना म्हणाली, "त्या टिनाच्या बैलाजवळ एवढे बसता, माह्याजवळ बसले कधी?" मी हसलो. मग ती जाता जाता म्हणाली, "आबाजीनं जोडी तोडू नोका म्हनलं होतं. गोठा आपलाच पायजे, असं म्हनलं होतं का?"

मला ते आधीच कळलं होतं, आबाजी. पण लाल्याला न्यायचं म्हणजे त्याला या गोठ्यातून दुसऱ्यांदा घालवायचं, आणि ते माझ्यानं होईना. मला तो इथेच हवा होता. रोज दिवा लावताना देवाला विचारायचो. समईची वात तेवढी सरळ जळत राहायची. पोळा जवळ आला तसं मला वाटू लागलं, की आवतन द्यायचं तर दोघांना एकत्रच द्यावं लागेल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तांदळाच्या ट्रकमध्ये लाल्याला चढवून मी बिरसाला नेलं. घाटात ढग रस्त्यावर उतरले होते. ट्रक चालतो आहे की झाडंच मागे जात आहेत, ते कळत नव्हतं. म्हातारीला मी अंगण ओलांडून लाल्या ढकलताना दिसलो तेव्हा ती काही विचारण्याआधीच सरपणाचा ढीग हलवू लागली. "इधर छाँव में रख," ती म्हणाली.

"नहीं माई। ये दाहिनी तरफ का है।"

"तो बैल है बोल ना!"

तिनं स्वतः उजवीकडची जागा झाडली. संध्याकाळी मी चारही दांड्यांना तूप-हळद चोळली आणि तुमच्यासारखे हात जोडले. "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." म्हातारी वेलाआडून बघत होती. तिला मराठी येत नाही, पण तिनंही हात जोडले. घरच्या बैलाची पूजा त्या पोळ्याला मुलानं केली.

परत येऊन पंधरवडा झाला. आता गोठ्यात दोन्ही डाग उघडे आहेत आणि मला त्यांच्याकडे बघवतं. म्हातारीनं सांगून पाठवलंय की वेलाचा एक तणावा लाल्यावर गेलाय. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तरी लिहिलं. पोरं हिंदीत शिकली, त्यांना आपली ही भाषा वाचायला जड जाते. म्हणून पोथीखाली ठेवून देईन.

एक तुम्हालाच सांगतो. पोळ्याच्या दिवशी घरून आणलेली पुरणपोळी म्हातारीला दिली, लाल्यापुढे ठेवली, आणि ती आत गेल्यावर मी चांद्याच्या टाकीचं झाकण फिरवलं. तुपात बुडवलेला घास आत सोडला. माझा हात धरायला मागे आजी नव्हती.