मशेरीच्या जागी मोबाइल

१२ नोव्हें. २००६, रवि.
सकाळी मशेरी मागच्या दगडी गडग्यापलीकडे फेकली. डबी घासून तिच्यात टाचण्या ठेवल्या. हात तरीही दोनदा त्या डबीकडे गेला.

काल दातांच्या डॉ. बाईंनी आरशात दाखवलं. उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा. म्हणाल्या, आज घाबरण्यासारखं नाही, पण बंद केली नाहीत तर मी जबाबदार नाही. शिमग्याच्या आधी परत दाखवायचं. "कधीपासून लावताय?" म्हटलं, आठवत नाही. चांगलं आठवतंय. सातवीत होते, दाढ दुखत होती म्हणून आत्याने लावून दिली. दाढ गेली, मशेरी राहिली.

शाळेत कोणाला माहीत नाही. तंबाखूच्या दुष्परिणामांवर निबंध मीच देते दरवर्षी. यापुढे इथे नुसतं म. लिहीन. वही कोणाच्या हाती लागायला नको.

१४ नोव्हें.
शाळा सुरू. ८ ब वर विनाकारण ओरडले. फळ्याकडे तोंड करून खडूच बोटाने घासत होते, मुली हसल्या तेव्हा कळलं.

बडीशेप झाली, लवंग झाली, खडीसाखर झाली. तोंडाला काही नकोच आहे. हाताला चाळा हवाय.

आमची शाळा सकाळची. चार वाजता मागच्या दारी पायरीवर बसायचं, शेजारच्या वहिनी यायच्या, दोघींनी म. लावायची. हे मुंबईला नोकरीला, वहिनींचे यजमान मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात, ते यायचे अंधार पडल्यावर. म्हणजे ती वेळ आमची दोघींची. बोट फिरत राहतं, गोष्टी निघत राहतात, कोणाला कसली घाई नसते. आज गेले नाही. खिडकीतून पाहिलं तर वहिनी (यापुढे नुसतं व.) एकट्याच बसलेल्या. मला फार वाईट वाटलं.

१६ नोव्हें.
व.ना सांगून टाकलं. गाल ओढून चट्टाही दाखवला. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढासाच हाय. माझी आय म्हातारी होऊन गेली ओ, शेवटपर्यंत लावत होती. तिला काय नाय झालं."
"डॉक्टर म्हणतात बंद."
"मग करा बंद. पण बसायला तरी या."
बसले. त्या लावत होत्या, मी पदराचं टोक पिळत होते. पाच मिनिटांत उठून आले. दूध उतू जाईल म्हणाले. दूध फ्रीजमध्ये होतं.

१९ नोव्हें., रवि.
सोनल जेवायला आली. सावर्ड्याच्या नणंदेची मुलगी, इथे कॉलेजला, हॉस्टेलवर राहते. माझं तोंड बघून म्हणाली, "मामी, मामांनी दिवाळीला एवढा रंगीत मोबाइल आणलाय तो काय नुसता वाजायला? त्यात गेम आहेत. हात गुंतेल."
"या वयात?"
"मग काय जपमाळ ओढणार?"
आगाऊ आहे. पण जपमाळेचा विचार मी खरंच केला होता, तिला कसं कळलं कोण जाणे.

साप दाखवला. साप ठिपके खातो, लांब होतो, भिंतीला किंवा स्वतःच्या शेपटीला लागला की मेला. माझा जन्मल्याबरोबर मरतो.

२१ नोव्हें.
चारला मोबाइल घेऊन पायरीवर. त्यांची म., माझा साप. जरा वर बघितलं की संपलं. मी सारखी "मेला, मेला" करत होते. शेवटी व.नी विचारलं, "कोण मेलं ओ बाई एवढं?"
खूप दिवसांनी हसले.

२४ नोव्हें.
काल लावली. लिहायलाही नको वाटतंय. व. तव्यावर तंबाखू भाजत होत्या, वास थेट माझ्या स्वयंपाकघरात. गेले, चिमूट मागितली. त्यांनी दिली. डोकं एकदम शांत झालं. मग आरशासमोर गाल ओढून उभी राहिले आणि स्वतःला चार शिव्या दिल्या.
आज परत पहिल्यापासून.

२८ नोव्हें.
साप जमायला लागला. बोटाला वळणं आपोआप कळतात. आज पायरीवर बसून इतका लांब केला की पडदा भरत आला. व. काहीतरी सांगत होत्या, बराच वेळ. मी हूं म्हटलं. शेवटी शेपटीलाच लागला, तोवर त्या उठून गेलेल्या. पाहिलं तर आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा.
दिवसभर म.ची आठवण आली नाही. मग ती सगळी संध्याकाळी आली.

३ डिसें., रवि.
सोनलला म्हटलं, साप नको. मानेला रग लागते, दात आवळले जातात. आरामासाठी घेतला आणि हा जिवाला घोर. तिने कुठूनसा दुसरा टाकून दिला. वरून विटा पडतात, त्या फिरवून खाली रचायच्या.

५ डिसें.
विटा म्हणजे सापाची मोठी बहीण. पहिल्यांदा हळू पडतात, गरीब असल्याचं दाखवतात, मग धावत सुटतात. आज परिपाठाला प्रार्थना चालू असताना मी मनात मुलींच्या रांगा रचत होते. ८ ब मध्ये एका जागेची फट आहे.
खेळ संपला की हात थेट टाचण्यांच्या डबीकडे. दोनदा टोचून घेतलं.

१० डिसें.
गणिताच्या बाईंनी आकड्यांचा सुचवला, नऊ घरांचा. "फार शांत वाटतं हो." त्यांना वाटत असेल. मी मराठी-इतिहासवाली. एक चौकट भरायला चहा निवला, आणि ती पण चुकली. काढून टाकला.

मग चित्रांच्या जोड्या. उलटी पानं, सारखी दोन शोधायची. बरा होता, पण कोपऱ्यात घड्याळ पळतं. घड्याळ कशाला हवंय मधे? मुलांचे पेपर घेताना घड्याळ, एस.टी.ला घड्याळ, आता इथेही.

म. लावताना काय होतं ते आज नीट आठवून पाहिलं. जिंकणं नव्हतं. हरणं नव्हतं. मधेच सोडून कुकर बंद करून यावं, परत बसावं, काही बिघडत नव्हतं. आणि मुख्य म्हणजे कान मोकळे असायचे. मला असा खेळ हवाय जो माझ्याकडे बघत नाही.

१७ डिसें., रवि.
शिंपले उकडून तिसऱ्यांचं कालवण केलं होतं, वाटीभर व.कडे पाठवलं. सोनलच्या हाती परत आलं. "आज नको म्हणतात."
तिसऱ्या असून व. नको म्हणतात. रुसल्या आहेत, दुसरं काय. परवा म्हणाल्याच होत्या, "तुमचं आता त्या डबड्याशी जमलंय." हल्ली चारला हाकही नाही मारत.
मलाही राग आला. माझं तोंड सडू दे का यांच्या सोबतीसाठी? मी नाही जाणार आपणहून.

२६ डिसें.
हे चार दिवस येऊन गेले. माझ्या हातात सतत मोबाइल बघून म्हणाले, "एवढी बटणं दाबतेस, कधी माझा नंबर पण दाबत जा." म. सुटली याचा आनंद आहे, पण दाखवायचा नाही अशी त्यांची पद्धत. जाताना मात्र म्हणाले, बोलतेस हल्ली तुटक. खरं आहे. मला सगळ्यांचाच कंटाळा येतोय आणि कोणी नसलं तर घर खायला उठतं.

७ जाने. २००७, रवि.
सोनलने मैत्रिणीच्या मोबाइलवरून एक आणला. रंगीत गोळ्या, पडदाभर. सारख्या रंगाच्या शेजारी-शेजारी असतील त्या दाबल्या की जातात, वरच्या खाली सरकतात. बस. घड्याळ नाही, काही अंगावर येत नाही. शेवटी काही गोळ्या उरतात, तर उरतात.
सोनल म्हणाली, "मामी, हा फार बोअर आहे हं."
म्हटलं, राहू दे.

९ जाने.
सापडला. हाच. सकाळी मधल्या सुट्टीत खेळले आणि त्याच वेळी शिपाईमामांची मुलाच्या लग्नाची सगळी हकीकत ऐकली, प्रश्नही विचारले. बोट खाली चालू, डोकं वर मोकळं.
चारला आपणहून पायरीवर जाऊन बसले. खूप वेळ कोणी आलं नाही. मग दार वाजलं. व. येऊन बसल्या. म. लावायला लागल्या. मग त्यांच्या जावेचं काहीतरी निघालं.

१२ जाने.
रोज जाते. व. सांगतात, मी गोळ्या दाबते, पण ऐकते. जाऊ देवरुखला राहायला गेली. यजमानांना बर्फातल्या गारठ्याने सांधे धरलेत. बोरिंगचं पाणी मचूळ लागतं. हे सगळं डिसेंबरात घडलं आणि मला आज कळतंय.

१८ जाने.
संक्रांतीचा तिळगूळ द्यायचा राहिला होता, आज दिला. व.नी घेतला, कपाळाला लावला आणि पदराला बांधला. चहा दिला, तो पार निवेपर्यंत तसाच. म. लावताना बोट नुसतं उजव्या बाजूला फिरतंय. तिसऱ्या, तिळगूळ, चहा. मोबाइल खाली ठेवला.
"वहिनी, तोंडात काही होतंय का?"
"होतंय ना. तिखट नाय चालत, गरम नाय चालत. कडक काय लागलं तरी जीव जातो."
"मग बोलला नाहीत ते?"
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं. "बोलले की ओ. तेव्हाच. म्हटलं नाय का तुमाला, बाई, माझ्या पण गालात तुमच्यासारखंच हाय, डावीकडं, जरा बघता काय. तुमी हूं म्हणालात."
सापाचा तो दिवस आठवला.
"मला वाटलं, बाई शिकलेल्या, डाक्टरकडं जाऊन आलेल्या. काय असतं तर बोलल्या असत्या. हूं म्हणाल्या म्हणजे काय नसेल."

आणि त्या विश्वासावर ही बाई रोज लावत राहिली.

बॅटरी आणून पाहिलं. माझ्यासारखं नाही. पांढऱ्याच्या मधे लाल, खडबडीत, कडा वर आलेली. त्यांना म्हटलं, उद्याच जाऊ. काय दिसलं ते सांगितलं नाही.

१९ जाने.
जायला तयार नाहीत. "आंब्याचं एकदा होऊ दे." "ह्यांना सांगायला हवं." "डाक्टर कापतात." मी ओरडले त्यांच्यावर, ८ ब वर ओरडते तशी. त्या उठून घरात गेल्या आणि कडी लावली.
जेवले नाही. साप काढून टाकला मोबाइलमधून. सोनलला विचारायचीही गरज पडली नाही. त्याने काय होणार आहे, पण काढला.

२२ जाने.
त्यांच्या यजमानांना मीच सांगितलं, मिरकरवाड्याला जाऊन. कारखान्याच्या दारात बर्फाचं पाणी साचलेलं, त्यातच उभ्याने. ते आधी म्हणाले, "बायकांचं असतं काहीतरी." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "बाई, तुमी न्याल काय तिला? मी आत नाय बसू शकत." एवढा पहाडासारखा माणूस.
व.नी म. मोरीत ओतली. माझ्यादेखत. मला बरं वाटावं म्हणून ओतली असावी.

३० जाने.
व.चे हात बघवत नाहीत. तांदूळ निवडलेले परत निवडतात. मी मोबाइल देऊ केला, शिकवलं. थोडा वेळ दाबलं, मग परत दिला. "मला नाय जमत. तुमी खेळा, मी बघते." खांद्यावरून बघत बसल्या. मधेच म्हणाल्या, "तो पिवळा राहिला." दाबला.

३ फेब्रु.
डॉ. बाईंकडे दोघी. आधी मला घेतलं. चट्टा पुसट झालाय. "शाब्बास." मला त्या शाब्बासकीची अशी लाज वाटली की खुर्चीतून उठताना पायरी चुकले.
मग व. डॉ. बाई पाहता पाहता बोलायच्या थांबल्या. मऊ आवाजात म्हणाल्या, छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. व.नी माझा हात धरला होता, सुई टोचली तेव्हा नखं रुतली. बाहेर आल्यावर तोंडात कापूस, त्यातूनच विचारलं, "तुमचं काय म्हणाल्या?"
"बरं आहे."
"बरं झालं," म्हणाल्या. खरंच मनापासून म्हणाल्या. मी रिक्षात रडले, त्या रस्त्याकडे बघत राहिल्या.
डॉ. बाईंना एकटं गाठून विचारलं होतं, दोन महिने आधी आणलं असतं तर? रिपोर्ट येऊ दे म्हणाल्या.

६ फेब्रु.
शाळेत पूर्वपरीक्षा. सुपरव्हिजनला तीन तास नुसतं उभं राहायचं. म.ची इतकी तीव्र आठवण पहिल्या आठवड्यातही झाली नव्हती. घरी येताना टपरीसमोर थांबले. तंबाखूची पुडी बघितली. माणूस म्हणाला, "काय देऊ बाई?" लिमलेटच्या गोळ्या घेतल्या.
व.ना सांगायचंय की त्या दिवशी मी ऐकलंच नव्हतं. रोज ठरवते. आज चारला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर पाणी आलं का.

९ फेब्रु.
सांगितलं. "वहिनी, मी तेव्हा ऐकलं नव्हतं. खेळात होते. हूं असंच म्हटलं."
त्या पायरीवरची वाळकी पानं गोळा करत होत्या. म्हणाल्या, "ते मला कळलं होतं ओ, नंतर." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्या रागाची सोय हवी होती.

११ फेब्रु., रवि.
रिपोर्ट मंगळवारी. डॉ. बाईंकडून निरोप आलाय, घरच्या माणसांना घेऊन या. निरोप माझ्याच मोबाइलवर आला, व.कडे फोन नाही. चारला जाऊन सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.
बसलो. मोबाइल मांडीवर पालथा. परसातल्या कलमाला यंदा मोहोर दाट आहे, त्यावर माश्या घोंगावतायत, तेवढाच आवाज.
मग व. म्हणाल्या, "खेळा की ओ, बाई. तुमी अशा नुसत्या बसलात की मला भीती वाटते."
मोबाइल उचलला. बोट चालत राहिलं, रंग कुठले ते दिसत नव्हते. जरा वेळाने त्यांनी देवरुखच्या जावेचं काढलं, ती कशी मुलाला एकट्यालाच एस.टी.त बसवून पाठवते ते. मी विचारलं, एकट्यालाच कसं? त्या सांगत गेल्या.