सूनबाईचं विमान

सोमवार, ता. ३

आजही नाही गेली! पहाटेपासून घर डोक्यावर घेतलं, पेट्रोलचे कॅन गाडीत टाकले, मैदानावर गेली — आणि नऊच्या आत परत. वारा आडवा आहे म्हणे. उभा वारा कुणी बघितलाय?

विमान कसलं ते! एक खुर्ची, मागे पंखा, वर ताणलेलं कापड. वाळत घातलेल्या चादरीला इंजिन बसवावं तसं. त्यात बसून माझी सून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला निघालीय. इस्पितळातली नर्स, सत्तेचाळीस वय, गुडघा दुखतो. नात खालून गाडीने मागे मागे, पेट्रोल घेऊन. आणि माझा मुलगा चष्म्याच्या दुकानात तोंड पाडून बसलेला.

मी चौथी नापास, मला काय कळतंय. पण एका जागी बसवत नाही.

बुधवार, ता. ५

वजन, वजन! स्वयंपाकघरातला काटा तिच्या खोलीत गेलाय. साबण अर्धा कापला. टूथब्रशची दांडी मोडली. कंगवासुद्धा अर्धा! जड असेल तर विमान उचलत नाही.

मी माझा लोकरीचा स्वेटर पुढे केला. वर गारठा असतो, नात सांगत होती. सुनेने काट्यावर टाकला, मान हलवली. "जड आहे, आई."

बाहेर येऊन बटणं कापली. खिसे उसवले. गळ्याची पट्टी काढली. परत नेऊन आपटला काट्यावर. म्हणते, "अजून थोडा." आता बाह्या मागतेय की काय!

गुरुवार, ता. ६

वारा. ती शिव्या घालतेय, माझं धुणं तासात वाळतंय.

शनिवार, ता. ८

मुलगा भरदुपारी दुकान बंद करून आला. आधी पंखा लावला, मग पाणी प्यायला, मग आडून आडून सुरू. "आई, महिनाअखेरीला मोठे वारे सुटतात. मग वर्षभर जाता येत नाही. तिची रजाही तेव्हाच संपते."

मग?

"म्हणजे तोवर अडली तर..."

कोण अडवणार तिला?

माझ्याकडे बघेना. "तुझ्या छातीत दुखलं तर ती नाही जायची."

म्हटलं, शरम वाटत नाही? बायकोला अडवायला आईला आजारी पाडतोस? तर ह्याच्या डोळ्यांत पाणी! गेल्या महिन्यात सरावाच्या वेळी तिचं इंजिन वरच बंद पडलं होतं. शेतात उतरली कशीबशी. भाजीवाल्याला ठाऊक, शेजारणीला ठाऊक — मला नाही!

"मला झोप लागत नाही गं." मलाही कुठे लागतेय. पण हे त्याला सांगितलं नाही.

रविवार, ता. ९

केलं नाटक. वारा पडला होता, ती बूट घालत होती. मी दारातच बसले, हात छातीवर, अगं आई गं! मुलगा असा धावत आला की माझ्यापेक्षा त्याचंच नाटक मोठं.

तिने हातमोजे काढले. माझं मनगट धरलं, बराच वेळ. "कुठे दुखतंय, आई?"

"इथेच की! दिसत नाही?"

तिने माझा हात उचलला आणि उजवीकडून डावीकडे नेऊन ठेवला. "दुखेल तेव्हा इथे धरायचं." आणि गेली चहा टाकायला. नात फिदीफिदी. मुलगा भिंतीकडे बघतोय.

चहा होईस्तोवर वारा परत सुटला. गेला दिवस फुकट. माझ्यामुळे.

मंगळवार, ता. ११

दोन दिवस बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मीच विचारलं, भीती नाही वाटत?

"वाटते की. इंजिन बंद पडलं तेव्हा पहिली तुमची आठवण झाली."

माझी?

"म्हटलं, आता मेले तर आई म्हणतील, मी सांगत होते!"

हसलो दोघी. मग म्हणाली, "वॉर्डात रोज ऐकते, आई. हे राहिलं, ते राहिलं. कान किटले माझे."

म्हटलं, जा बाई. पण घरावरून एक फेरी मार. मी गच्चीवर उभी राहून हात हलवते.

"हलवाच. हात दिसला नाही तर मी मागे फिरेन." चेष्टेत नव्हती म्हणत.

मुलाला सांगून टाकलं — यापुढे असलं काही माझ्याकडे मागायचं नाही.

बुधवार, ता. १२

बाह्या कापल्या एकदाच्या. काट्यावर टाकला. "आता चालेल." स्वेटर दिला होता मी, राहिली बंडी!

गुरुवार, ता. १३

वारा कमी. सगळं घर खिडकीशी. कुणी धड जेवलं नाही, मीही नाही. उद्या, म्हणते.

शुक्रवार, ता. १४

पान हलत नाही. मुलाला दामटून मैदानावर पाठवला, म्हटलं, नवरा आहेस तर निरोप दे धड.

गेली! आधी आवाज आला, मग चादर दिसली. फेरी मारली ठरल्याप्रमाणे, इतकी खालून की माझी बंडी ओळखू आली. मी हात हलवत राहिले, ठिपका दिसेनासा होईपर्यंत.

उजवा हात. डावा पहाटेपासून उचलवत नाहीये. आणि दुखतंय, तिने दाखवलं होतं तिथेच.

आता मुलाला फोन लावते. नाटक म्हणेल. म्हणू दे.