वक्र पडद्यावरचा डाग

सोमवार
खोकं दारातच अडकलं. फोटो स्टुडिओचे मालक आतून ओढत होते, मी बाहेरून ढकलत होते आणि माझी धाकटी बहीण मदत सोडून हसत होती. खोक्यातून संगणकाचा स्क्रीन बाहेर आल्यावर तिने विचारलं, ताई, हा वाकलेलाच आला की तुम्ही वाकवलात? मालकही हसले. जुने फोटो संगणकावर साफ करायचं माझं काम आजपासून. कायम झाले की धाकटीला इथल्याच कॉलेजात घालीन. या गावात आम्ही दोघीच.

मंगळवार
स्क्रीन छान आहे. दोन्ही कडा जवळ येतात, मान वळवावी लागत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या बाईच्या पापण्या सुट्या दिसतात. खोडीही आहेत. सरळ चौकट वाकडी दिसते. मालक शेजारी बसले तर त्यांना रंग फिके दिसतात. नीट दिसतं ते फक्त मधोमध बसणारीला. शिवाय मागच्या अख्ख्या खोलीचं प्रतिबिंब काळ्या भागात गोळा होतं.

गुरुवार
एका फोटोच्या काळ्या कोपऱ्यात गोल डाग होता. ब्रश फिरवला, गेला. मूळ फोटोत तो नव्हताच. तो मागच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या प्रतिबिंबाचा होता, हे उशिरा लक्षात आलं. वळून पाहिलं तर भिंत कोरी. खिळासुद्धा नाही. मालक म्हणाले, इथे घड्याळ कधी होतं?

शुक्रवार
आज खुंटी. मुद्दाम पुसली.
धाकटी रोज तिलाच पिशवी अडकवायची. आता ती खुंटी तिलाही आठवत नाही. म्हणाली, ताई, चष्मा लाव.

शनिवार
मालकांना म्हटलं, जुना सपाट स्क्रीन द्या. तो विकला म्हणाले. खुर्चीमागे काळा पडदा लावून घेतला. आता काळ्यात काहीच दिसत नाही. धाकटीला बजावलंय, पडद्याच्या आत यायचं नाही. ती म्हणाली, मोठी आली साहेबीण.

सोमवार
संध्याकाळ. फोटोचा काळा भाग. मधोमध फिकट डाग. हात सवयीने गेला. दोनदा फिरवला. मागून आवाज आला, ताई, डबा—
एवढाच.
पडदा बाजूला सारलेला. डबा नाही. कोणी नाही.
केलेलं रद्द केलं. एकेक पायरी मागे गेले. फोटो परत आला. डाग कसा येईल, तो फोटोत नव्हताच—

मंगळवार
सकाळी आमच्या राहत्या खोलीत खाट एकच होती. मालकांचा फोन आला, तुम्हाला कायम केलं. मग आईला फोन लावला. धाकटी तिकडे आली का, विचारलं. आई म्हणाली, कोण धाकटी? तू एकुलती एक ना गं?
मी म्हटलं, अगं असं काय करतेस, आपली धाकटी, तिचं नाव—