हेझल फोर्कचा पूल

हेझल फोर्क,
१४ जानेवारी

प्रिय डॅलस,

तू, शेरिल आणि मुलं बरी असाल. आम्हीही ठीक आहोत. इथे बर्फ पडून गेलं, आता नुसता चिखल. कुत्री व्यायली, चार पिल्लं आहेत. आईची तब्येत वयाच्या मानाने ठीक.

बहिणीचं चार वर्षांत पत्र नाही, फोन नाही, आणि आज एकदम कसं, असं तुला वाटेल. त्या ख्रिसमसला जेवताना मी तुला विचारलं होतं, की विधानसभेत रस्तेदुरुस्तीचे पैसे कापायच्या बाजूने हात का वर केलास. तू काटा खाली ठेवलास, कोट उचललास आणि गेलास. मी अजूनही तेच विचारते आहे. फक्त आता मला जास्त कळतं.

जुलैच्या पुरात आमचा ओढ्यावरचा पूल गेला हे तुला माहीत असेल, पेपरात आलं होतं. दोन्ही काठांवर नारिंगी पिंपं उभी केली, पाटी लावली आणि माणसं निघून गेली. तेव्हापासून फोर्कवरची सगळी घरं डोंगराला वळसा घालून बाहेर पडतात.

मी आधी नगराध्यक्षांकडे गेले. भला माणूस. म्हणाला, "व्हर्ना, तुझं घर गावाच्या हद्दीबाहेर. माझा अधिकार चर्चपाशी संपतो." मग काउंटीच्या कचेरीत गेले. रस्त्याच्या पाटीवर काउंटी रोड असं ठळक लिहिलंय ना! तिथली बाई हसली. "अगं, नाव तेवढं आमचं. रस्ते सगळे राज्याचे. आमच्याकडे तुरुंग, कोर्ट आणि अँब्युलन्स." म्हणजे पाटी काउंटीची, रस्ता राज्याचा, पाणी देवाचं. मग मी चिडून थेट वॉशिंग्टनला, खासदारांच्या ऑफिसात फोन लावला आणि जे तोंडात आलं ते बोलले. पलीकडच्या तरुणाने सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमचा राग बरोबर आहे, पण दार चुकलंय," तो म्हणाला. "आम्ही देशाचे कायदे बघतो. हा पूल राज्याचा. राज्याच्या विधानसभेतला तुमचा आमदार कोण?"

मी खिडकीतून ती नारिंगी पिंपं बघत राहिले.

"माहीत नसेल तर मी शोधून देतो," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं. तुझं नाव मात्र घेतलं नाही.

मग त्याने मला शिकवलं. फोन केला की आधी पत्ता सांगायचा, म्हणजे आपण त्यांचे मतदार आहोत हे कळतं. मग रस्त्याचा नंबर. मग आपल्यावर काय गुदरलं ते, थोडक्यात. आणि शेवटी एकच मागणी. दहा गोष्टी मागितल्या तर दहाही विसरतात. छापील अर्जावर शंभर सह्या घेण्यापेक्षा दहा शेजाऱ्यांना आपापल्या शब्दांत बोलायला सांगायचं. आणि रस्ते समिती कधी बसते ते विचारून तिथे स्वतः जाऊन उभं राहायचं.

मी तुला फोन केला नाही. तुझ्या दारात जाऊन मागायचं, त्यापेक्षा मी डोंगर चढेन म्हटलं. पण आईने सगळं ऐकलं होतं. स्वयंपाकघरात बीन्स निवडत बसली होती.

दर मंगळवारी तुझ्या ऑफिसात फोन करायची ती, डॅलस. लपून नाही, माझ्यासमोर. "मी ओपल एस्टेप, हेझल फोर्क. आमचा पूल गेलाय. वसंतातलं पाणी यायच्या आत तात्पुरता पूल टाका." तिथे फोन घेणारी मुलगी विचारायची, "आमदारसाहेबांच्या नात्यातल्या का?" आई म्हणायची, "इथे दर तिसरं घर एस्टेपांचं आहे, बाळ. मी मतदार." मी म्हटलं, सांगून टाक ना. तर म्हणते, "मुलाला अडचणीत कशाला आणू? आईचं काम आधी केलं म्हणतील लोक."

तुझं उत्तर आलं. 'प्रिय मित्र, हरणांच्या शिकारीच्या मुदतीबद्दल आपण मांडलेलं मत मला मोलाचं वाटतं.' हरणं! आईने ते फ्रिजवर लावलं, कारण खाली तुझी सही होती. एकदा तिने सहीवर ओलं बोट फिरवलं. शाई पसरली नाही. म्हणाली, "छापलीय वाटतं." आणि बीन्स ढवळायला वळली.

वर लिहिलं की आईची तब्येत ठीक आहे. नाही ती ठीक.

नोव्हेंबरात ती पोर्चच्या पायऱ्यांवरून घसरली. बर्फाचा पातळ पापुद्रा होता. खुबा मोडला. मी फोन केला आणि अँब्युलन्स आलीसुद्धा लगेच. पण पलीकडच्या काठावर. नवा ड्रायव्हर, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला तिचे दिवे दिसत होते, दोन माणसं उतरून पाण्याकडे बघताना दिसत होती. एकाने आमच्याकडे बघून हात वर केला आणि गाडी परत वळली, डोंगराकडे. आई थंड फळ्यांवर पडून ते दिवे जाताना बघत होती. ती ओरडली नाही. मी ओरडले. अँब्युलन्स वळसा घालून येईपर्यंत मी तुझ्या नावाने ओरडत होते, आणि ती माझा हात दाबून म्हणत होती, "त्याला कळवायचं नाही. त्याचं अधिवेशन जवळ आलंय."

ऑपरेशन झालं. आता चाकाच्या खुर्चीत आहे. तिने कळवू दिलं नाही, म्हणून तू इतके दिवस सुखात झोपलास.

पुढच्या महिन्यात रस्ते समितीची सुनावणी आहे. आईने नाव नोंदवलंय. तू त्या समितीत बसतोस. तिला तीन मिनिटं मिळतील. तेवढी तरी ऐक.

व्हर्ना


हेझल फोर्क,
१६ फेब्रुवारी

डॅलस,

पेपर पोचला. पहिल्या पानावर तू गुडघ्यावर बसलेला, आईचा हात हातात. खाली लिहिलंय, 'आईच्या पुलासाठी झटणारा आमदार.'

मी सुनावणीच्या दालनात होते, त्यामुळे काय झालं ते मला सांगू नकोस. आईने पत्ता सांगितला, रस्त्याचा नंबर सांगितला, अँब्युलन्सचे दिवे सांगितले, मागणी सांगितली. आवाज एकदाही हलला नाही. अध्यक्षांनी विचारलं, "आमच्या एस्टेपसाहेबांच्या कुणी लागता का?" ती म्हणाली, "मी पुलासाठी आलेय." तोवर तू कागदात डोकं घालून बसला होतास. माझं पत्र तुला महिनाभर आधी मिळालं होतं, तरी. सगळं दालन तुझ्याकडे बघायला लागलं, कॅमेरे वळले, तेव्हा तू उठलास.

पूल मंजूर झाला. लोखंडी, तात्पुरता, मार्चअखेर टाकणार. झालं ते चांगलं झालं, मी नाकारत नाही.

पण बाहेर व्हरांड्यात तू मला काय म्हणालास? "व्हर्ना, मला एक फोन करायचास ना." अरे, तिने फोन केले! दर मंगळवारी केले. पलीकडच्या वळणावरच्या विधवा बाईने केले, माझ्या सांगण्यावरून आणखी सात घरांनी केले. तुला म्हणायचं होतं, आई आहे हे सांगायला हवं होतं. म्हणजे पूल मागायला तुझी आई असावं लागतं? हेझल फोर्कवर तुझी आई नसलेलीही माणसं राहतात, डॅलस. त्यांचेही खुबे मोडतात. त्यांच्यासाठी तुझ्याकडे हरणांचं पत्र आहे.

आता त्या सगळ्यांना दार कुठलं ते कळलंय. ओढ्याच्या वरच्या अंगालाही एक पूल झुकलाय. मंगळवारी तुझ्या ऑफिसातल्या मुलीला फोन खाली ठेवायला सवड मिळणार नाही.

आईने फोटो कापून ठेवला. मला वाटलं, आता तरी तुला काही बोलेल. ती म्हणाली, "किती वाळलाय गं हा."

तिने तुला लिहायला सांगितलंय, म्हणून लिहिते. रविवारी जेवायला ये. बीन्स आणि मक्याचा पाव करणार आहे, खुर्चीतूनच. डोंगरावरून यावं लागेल. गाडी तूच चालव आणि सोबत कुणाला आणू नकोस. वळणावळणाला एवढंच मनात आण, की मागच्या सीटवर ती कण्हते आहे.

ती तुला दारातच माफ करील. तिने केलंच आहे. माझ्याकडून ते गृहीत धरू नकोस. मी ताट वाढीन.

ओपल एस्टेपची मुलगी,
व्हर्ना