तारेवरचा बूट

३ फेब्रुवारी, सोमवार
हातमागाच्या खड्ड्यात उतरताना पाय मोडला. प्लास्टर. महिनाभर कॉट सोडायची न्हाय. नेमकं आत्ताच धाकट्या दिपालीला निपाणीचं स्थळ आलंय. पोरगा नागेंद्र, बेळगावात नोकरीला. सोयरिकीची चौकशी मी स्वतः करते. पोराच्या गल्लीत जायचं, किराणावाल्याला विचारायचं, न्हाव्याला विचारायचं. थोरलीच्या वेळी तसंच केलतं. आता ह्या पायानं निपाणी कुठली!

स्थळ आणलंय माझ्या नणंदेनं, मालकांच्या बहिणीनं, गुणाआक्कांनी. त्या म्हणाल्या, पोरगा फावल्या वेळात ब्लॉग लिहितोय, मराठीतच, तो वाच की गं, पोटातलं सगळं कळंल.

बरं. चौथी शिकलेय, बोट लावून वाचते, पण माणूस ओळखते. दोन दिवसांत निकाल.

४ फेब्रुवारी
दोन दिवस कशाला, एकात झालं. डोकं फिरलं. इंटरनेटवर जगातली रिकामटेकडी माणसं काय काय करतात ते हा हुडकून लिहितोय. एकजण म्हणे गावोगावच्या बाकड्यांना मार्क देत फिरतो. कुठल्याशा थंड देशात विजेच्या तारेवर नाडीनं अडकलेला एक बूट हाय. त्याच्यावर कॅमेरा लावलाय आणि शेकडो लोक बघत बसतात, कधी पडतोय म्हणून. हा नागेंद्र रोज सकाळी त्या बुटाची खुशाली लिहितो!

गुणाआक्कांना फोनवर सांगून टाकलं, ब्लॉग पुसून टाकंल तरच पोरगी देणार. दिपाली रडली. रडू दे. ह्या घरात माझा शब्द म्हणजे शब्द.

६ फेब्रुवारी
निकाल दिला तरी चौकशी अर्धी सोडू नये. म्हणून पुढं वाचलं. नागेंद्रनंही बाकड्यांना मार्क दिलेत. हायवेवरच्या एका स्टॉपला दहात दोन. बरोबर हाय, मी बसलेय तिथं, कंबर धरली होती.

मालक म्हणाले, कॉटवर बसून सुताच्या कांड्या तरी भर, मागावर साडी अडलीय. मी म्हणाले, दिसत न्हाय व्हय, पोरीच्या जन्माचं काम चाललंय?

बूट हाय तिथंच हाय.

९ फेब्रुवारी
बूट कलला. नागेंद्र लिहितो, वाऱ्यानं. काय कळतंय त्याला! नाडीचा पीळ सुटलाय. माझा जन्म सुतात गेला. परवापर्यंत पडणार म्हणजे पडणार.

उद्यापासून वाचायचं बंद. कांड्या भरायच्या.

१२ फेब्रुवारी
पडला न्हाय. नायलॉनची नाडी असणार, त्याला मी काय करू?

कांड्या न्हाय भरल्या. पाय ठणकत होता.

गुणाआक्कांचा फोन. पोरगा गप्प गप्प हाय म्हणे, पाच वर्षांचं लिखाण हाय. मी म्हणणार होते, एवढी घाई न्हाय, राहू दे तोवर. पण मालक शेजारीच बसलेले. शब्द फिरवला तर जन्मभर टोचून बोलतील. उद्या सांगते.

१३ फेब्रुवारी
उद्या.

१६ फेब्रुवारी, रविवार
नाडीचा एकच धागा राहिलाय! नागेंद्रनं लिहिलंय, उद्या सकाळी नक्की वाचा. आक्कांना उद्याच सांगते, आधी बुटाचं काय ते होऊ दे. मालकांना सांगितलं, सकाळी मला कुणी हाक मारायची न्हाय.

१७ फेब्रुवारी
पान उघडंना. फोन बंद करून चालू केला. खिडकीशी धरला. न्हाय.

तेवढ्यात दिपाली पेढे घेऊन नाचत आली. त्यानं रातोरात सगळा ब्लॉग पुसला, आई, तुझ्या शब्दासाठी. विचारलं, सगळा? म्हणाली, अक्षर ठेवलं न्हाय. मालक गल्लीत सांगत सुटलेत, हिच्या शब्दाला काय वजन हाय बघा.

तो कॅमेरा कुठल्या देशात, कुठल्या गावात, मला ठाऊक न्हाय. पोरीला विचारायची सोय न्हाय.

२३ फेब्रुवारी, रविवार
साखरपुडा. मी खुर्चीत, पाय स्टुलावर. नागेंद्र प्लास्टरच्या पायालाच पाया पडला. पोरगा चांगला हाय. खांदा धरून खाली ओढला, कानात विचारलं, बूट पडला का रं?

पोरगा दचकला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, न्हाय मावशी, देवाशपथ, आता तसलं काय बघत न्हाय.

बायकांनी माझ्याकडं बघून मान डोलावली. गुणाआक्का म्हणाल्या, सासू असावी तर अशी.

मी म्हणाले, शाबास.