मामांचा गुडघा आणि होम प्लेटवरचं कुंकू

चँडलर, मंगळवार

ती. सौ. शैलजामामींना सुशांतचा वाकून नमस्कार. (वाकण्याचा विषय पुढे येणार आहे.)

आजींच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? नागपुरात थंडी असेल, त्यांना कान झाकायला सांगा. इकडे मामांचा रक्तदाब उत्तम, साखर उत्तम, भूकही उत्तम. उरलेल्या एका अवयवाबद्दल सविस्तर लिहितो. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही "शेवटी काय झालं ते आधी सांग" म्हणता आणि माझा क्रम चुकतो. म्हणून हे पत्र, ई-मेलने.

जाताना तुम्ही फ्रिजवर कागद लावलात: मामांनी चालायचं, पळायचं नाही, ऑपरेशनचा गुडघा वाकवायचा नाही, जबाबदारी सुशांतची. मी खाली सहीसुद्धा केली. (नंतर टॅक्सीत बसण्यापूर्वी तुम्ही पार्किंगमधून गाडीची किल्ली वर फेकलीत, ती दुसऱ्या मजल्यावर मामांच्या हातात अचूक पडली. हे मी उगाच लिहीत नाही.) कागद मी रोज सकाळी वाचतो. त्यामुळेच पुढचा घोटाळा झाला असं मला वाटतं.

रविवारी संजयकाकांच्या टीमचा सामना होता. पंचावन्नच्या पुढच्या हौशी लोकांची बेसबॉल स्पर्धा. मामा फक्त सावलीत बसून स्कोअर लिहिणार होते. मी घडीची खुर्ची, गोळ्या, बर्फ आणि दोन पेन्सिली घेतल्या. शुभारंभाला नारळ आणि कुंकू आणायचं कामही माझ्याकडेच होतं (देशी किराणा दुकानात काम करणाऱ्याकडे असली कामं येतातच). होम प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेली पांढरी रबरी पाटी. तिथे उभं राहून चेंडू मारायचा, आणि तीन बेस फिरून परत तिला स्पर्श केला की एक धाव. मी तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ बाजूच्या दगडावर फोडला. अंपायर म्हणाला, पाटी ओली करू नका, बाकी चालेल.

मग राजेशकाकांचा फोन आला. त्यांच्या गॅरेजचं दार उघडेना आणि गाडी आत. नऊ माणसं नसतील तर सामना हातचा जाणार. संजयकाका मामांना म्हणाले, "ज्ञाना, नुसता उभा राहा यार. पळायला कोण सांगतंय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "उभं राहायला मनाई आहे का रे कागदावर?"

मी आठवून पाहिलं. नव्हती. मामी, मी खोटं कसं बोलणार?

मामा बॅट घेऊन नुसते उभे राहिले. समोरच्या टीमचा बोलर निवृत्त पोस्टमन होता. त्याचे चार चेंडू बाहेर गेले, आणि असं झालं की पहिल्या बेसवर चालत जायला मिळतं. चालत! मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांच्या नावाने टाळी वाजवली. पुढच्या दोघांनाही तसंच मिळालं, त्यामुळे मामा चालत दुसऱ्या, चालत तिसऱ्या बेसवर. धावा सारख्या, शेवटचा डाव. तेवढ्यात संजयकाकांनी चेंडू लांब मारला.

सगळे ओरडले, "ज्ञाना, पळ!" मी एकटा ओरडलो, "मामा, चाला!" मामा दोन्हींच्या मधलं काहीतरी करत होम प्लेटकडे निघाले आणि तिच्यापाशी येऊन थबकले. समोर कुंकवाचं स्वस्तिक, पुसट का होईना, आणि त्यांच्या पायात उसने घातलेले खिळ्यांचे बूट. मामी, त्यावर पाय कसा देणार? मागून चेंडू आला, वॉल्टर नावाच्या बहात्तर वर्षांच्या कॅचरने तो पकडून मामांना बाद करण्यासाठी त्यांच्या पाठीवर टेकवायला हात फिरवला, आणि त्याच क्षणी मामांनी वाकून उजव्या हाताने पाटीला स्पर्श केला नि तो हात कपाळाला लावला. वॉल्टरचा हात वरून गेला. नियमात पायच हवा असं नाही. आम्ही जिंकलो.

मामा मात्र तसेच राहिले. गुडघा अडकला होता. वॉल्टरला वाटलं हा आपला रिवाज आहे, म्हणून तोही आदराने शेजारी वाकला. मग त्यालाही उठता येईना. दोन्ही टीमनी मिळून दोघांना उचललं.

डॉक्टरांनी तपासलं. सूज आहे, टाके आणि हाड ठीक. दोन आठवडे काठी. मामांनी शपथ घातली होती की तुम्हाला सांगायचं नाही. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. कागदावर सही माझी होती, तेव्हा रागवायचं ते माझ्यावर. आजींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (एक प्रसंग सोडून),
सुशांत

ता. क. शनिवारी अकराला फायनल आहे. मामा काठीवर, म्हणून पुन्हा आठच माणसं. मामांच्या गुडघ्याचं ऐकून राजेशकाकांना त्यांच्या घरच्यांनी परवानगी नाकारली आहे.

ता. क. २. स्पर्धेची नियमावली मी दोनदा वाचली. स्त्रियांना मनाई नाही, वय तेवढं पंचावन्न पूर्ण हवं. तुमचं वय विचारण्याची माझी हिंमत नाही. पण तुमचं विमान शनिवारी नऊला उतरतं, आणि किल्लीची गोष्ट मी संजयकाकांना सांगून बसलो आहे. विमानतळावरून थेट मैदानावर याल का? टोपीचं माप कळवा.

ता. क. ३. मामा म्हणतात, "तिला नाही झेपायचं." मी फक्त कळवलं. या वेळी कुंकू बाकाला लावतो, पाटी मोकळी ठेवतो.