ओडीलचा मुकुट

प्रिय लॉरेट,

काल सोमवार, २२ ऑक्टोबर १९७९, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. तुझ्या हायस्कूलच्या प्रत्येक वर्गातल्या स्पीकरवरून, तुझ्याच आवाजात जाहीर झालं, की शनिवारी माजी विद्यार्थ्यांच्या सामन्याला मैदानावर राणीचा मुकुट ओडील पेल्कीच्या डोक्यावर चढणार. मुलांनी मतं देऊन निवडलेली राणी! टाळ्या पडल्या, असं ओडील सांगते. हसलेही सगळे, पण ते आनंदानं असेल, असं तिला वाटतं.

ओडील माझ्या खालच्या मजल्यावर राहते. आईचे जुने झगे घालून शाळेत येते आणि डबा एकटीच खाते. ती वर्गात शिरली की "पेल्की आली, खिडक्या उघडा रे!" अशी आरोळी उठते. चार वर्षं उठते आहे. तुझ्या प्रिन्सिपलच्या खोलीपर्यंत ती पोचत नसेल, तर तुझे कान तपासून घे.

पंधरा दिवसांपूर्वी शनिवारी दुपारी, घेवड्याची हंडी ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवून, मी सिनेमाला गेले होते. भयपट म्हणून गाजावाजा होता, पण दीड तास काहीच घडेना. नुसती एका एकलकोंड्या मुलीची टिंगल, थेट तिला थट्टेनं शाळेची राणी करण्यापर्यंत. माझ्या मते खरं भय तिथंच होतं. शेवटी ती मुलगी सगळ्यांवर उलटते, तेव्हा लोक किंचाळले. मला तर हायसं वाटलं, देवानं क्षमा करावी. माझ्या पुढच्या रांगेत तुझी पोरं बसली होती, फुटबॉल संघाचा डेनिस रुआ आणि त्याचं टोळकं. डेनिस म्हणाला, "ए, आपल्या पेल्कीलाच राणी करू या ना!" एक मुलगी खिदळली, "आणि मुकुट चढला रे चढला, की स्टँडमधल्या सगळ्या प्रेक्षकांनी पाठ फिरवायची. चिडीचूप!" बघ, सिनेमाचा शेवट समोर चालू होता आणि ही कार्टी त्याची सुरुवात पाठ करत होती.

निवडीचं कळताच मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "ऑरोर, पोरंच ती! अंधारात ऐकलेलं काय धरून बसतेस? माझं नोकरीचं शेवटचं वर्ष आहे गं, जूनपर्यंत सुखानं जाऊ दे." मी फोन ठेवला. तुझ्याशी मी आयुष्यात प्रथमच न भांडता फोन ठेवला, यावरूनच तू समजायला हवं होतंस.

काल संध्याकाळी ओडील तिचा पांढरा झगा घेऊन वर आली. "मादाम ऑरोर, कमरेत घ्याल का थोडा? मिरवणुकीत उघड्या गाडीत उभं राहून हात हलवायचाय मला." मी तोंडात टाचण्या धरल्या, म्हणून बोलावं लागलं नाही. निवड रद्द कर म्हणावं, तर ते तिला सांगायचं कोणी? आणि रद्द तरी का व्हावं? राणी निवडली आहे ना? मग ती राणीच होईल.

आपल्या कॉन्व्हेंट शाळेतला तो मे महिना आठव. मेरीमातेच्या मूर्तीला फुलांचा मुकुट घालायला मुलींनी एकमतानं तुला निवडलं होतं. भोकं पडलेल्या मोज्यांची लॉरेट. तू शिडीच्या वरच्या पायरीवर पोचलीस आणि ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी गाणं थांबवलं. मी एकटी गात राहिले. माझा आवाज म्हणजे फुटकं भांडं! सिस्टर क्लेमांसनी हार्मोनियमवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. नंतर जिन्यात तू मला म्हणालीस, "मुलींचं काही नाही गं. सिस्टरनी एक सूर तरी वाजवायचा होता."

लॉरेट, आता हार्मोनियमवर तू बसली आहेस. म्हणून हे पत्र. त्या टोळक्याला बोलावून खडसाव, आणि शनिवारी ओडीलच्या शेजारी गाडीत स्वतः उभी राहा. मुकुट तुझ्या हातानं घाल. मग बघू कोण पाठ फिरवतं ते. स्टँडमध्ये मी असेनच, फुटक्या आवाजासकट. हो की नाही, ते गुरुवारी दुपारी बाराच्या आत तुझ्या सहीनिशी लिहून पाठव. फोन मी उचलणार नाही.

तुझीच, अजूनही बेसूर,
ऑरोर